लकव्यानंतर हात परत येईल का, हे रक्त तपासून कळतं का?

प्रश्न थोडक्यात असा होता: "बाबा ६४ वर्षांचे, नऊ दिवसांपूर्वी उजवी साइड गेली, बोलणंही अडखळतंय, समजतं बहुतेक सगळं. एमआरआयमध्ये डाव्या बाजूला छोटा इन्फार्क्ट (रक्त न पोचल्याने मेलेला भाग) आहे म्हणाले. पाय थोडा हलतो, हात अजिबात नाही, पण माझा हात धरला की घट्ट पकडतात. ओळखीतले एक जण म्हणाले की आता रक्तातले बायोमार्कर (आजाराच्या खुणा दाखवणारे घटक) बघून रिकव्हरी किती होणार ते आधीच सांगता येतं. ते करून घ्यावं का? आणि हात येईल का एवढंच सांगा."

ताई, आधी सरळ उत्तर देते. रक्ताची अशी कुठलीही टेस्ट आज नाहीये की जिचा रिपोर्ट बघून मी तुमच्या बाबांच्या हाताबद्दल एक वाक्य ठामपणे बोलेन. ते पैसे ठेवा, फिजिओला लागतील. पण आधी सांगता येतच नाही असंही नाही, बऱ्यापैकी सांगता येतं, आणि त्याची खूण बहुतेक तुमच्या समोर पलंगावरच आहे, कुणी नीट बघितली नाहीये एवढंच.

मी न्यूरो फिजिओ, बावीस वर्षं हेच करतेय, आधी मोठ्या हॉस्पिटलात आणि आता जास्त करून घरी जाऊन. "हात येईल का" हा प्रश्न मला रोज कोणीतरी विचारतं, आणि पहिली दहा वर्षं मी सगळ्यांना एकच सांगायचे, "प्रयत्न करत राहा, सांगता येत नाही". आता तसं सांगत नाही.

थोडं समजून घ्या म्हणजे पुढचं सोपं जाईल. बोटं हलवायचा हुकूम मेंदूच्या वरच्या सालीतून निघतो आणि तंतूंच्या एका जुडीतून खाली मणक्यापर्यंत जातो, तिला कॉर्टिकोस्पायनल ट्रॅक्ट म्हणतात, मी घरच्यांना "मेन लाइन" असं सांगते. ही लाइन वरती पंख्यासारखी पसरलेली असते, खाली इंटर्नल कॅप्सूल नावाच्या जागी आली की एकदम चिंचोळी होते, आणि मग मानेच्या जरा वर तिचे बहुतेक तंतू बाजू बदलतात, म्हणून डाव्या मेंदूला मार लागला की उजवा हात जातो. आता बोरघाटात एक ट्रक आडवा झाला की सगळं ठप्प होतं आणि तोच ट्रक मोकळ्या माळावर उलटला तर कुणाचंच काही अडत नाही, तसंच इथे आहे. म्हणून "छोटाच इन्फार्क्ट आहे" हे ऐकून लोक निश्चिंत होतात तेव्हा मला भीती वाटते, कारण कॅप्सूलमधला शेंगदाण्याएवढा डाग अख्खा हात बंद करू शकतो आणि पुढच्या भागातला लिंबाएवढा डाग हाताला धक्काही न लावता बसलेला असतो. रिपोर्टमध्ये सेंटीमीटर बघू नका, जागा बघा. "इंटर्नल कॅप्सूल, पोस्टीरियर लिंब" (त्या चिंचोळ्या जागेचा मागचा भाग) किंवा "कोरोना रेडिएटा" (त्याच्या वरचा पंख्यासारखा भाग) असं लिहिलंय का ते डॉक्टरांना विचारा.

तर मग हाताच्या बाबतीत खरा मार्कर कोणता, तर ही मेन लाइन किती शिल्लक आहे तो. २०१७ मध्ये स्ट्रोक रिकव्हरीवर काम करणारे जगभरातले संशोधक एकत्र बसले होते, त्यांनीही शेवटी हाच मुद्दा पुढे ठेवला, की हाताच्या ताकदीसाठी या ट्रॅक्टची अवस्था एमआरआयने किंवा टीएमएसने (डोक्यावर चुंबकाचा ठोका देऊन करायची तपासणी, पुढे सांगते) मोजा, संशोधनात वापरण्याइतका भक्कम पुरावा याचाच आहे. रक्तातल्या कुठल्याही मार्करला त्यांनी हा मान दिला नाही.

आणि ही लाइन शिल्लक आहे का ते बघायची सगळ्यात स्वस्त टेस्ट म्हणजे बोटं उघडता येतात का ते बघणं. हसू नका. नेदरलँड्समध्ये १८८ पेशंटवर हे केलं गेलं, २०१० मध्ये छापून आलं. झटक्यानंतर ७२ तासांच्या आत फक्त दोन गोष्टी बघितल्या, खांदा बाजूला उचलता येतो का आणि बोटं थोडी तरी सरळ होतात का. दोन्ही थोडं का होईना जमलं त्यांच्यात सहा महिन्यांनी हाताने काहीतरी काम करता येण्याची शक्यता ९८ टक्के. दोन्ही जमलं नाही त्यांच्यात २५ टक्के. आणि हीच तपासणी पाचव्या आणि नवव्या दिवशी परत केली तेव्हा ज्यांना तोपर्यंतही जमत नव्हतं त्यांची शक्यता १४ टक्क्यांवर आली. आता "काहीतरी काम" म्हणजे शर्टाची बटणं लावता येतील असं नाही हं, ग्लास धरणं, वस्तू उचलून ठेवणं इतपत सुद्धा त्यात धरलेलं आहे. पण तिसऱ्या दिवशी बोटं थोडी उघडत होती त्यांच्यातल्या साधारण ६० टक्के लोकांचा हात सहा महिन्यांत हाताची कामं तपासणाऱ्या टेस्टवर पूर्ण मार्कांपर्यंत गेला होता, हेही लक्षात ठेवा.

बोटं *उघडणंच* का, हे मला सगळ्यात जास्त समजावून सांगावं लागतं. तुम्ही लिहिलंय की बाबा हात घट्ट पकडतात. ताई, वाईट वाटून घेऊ नका, पण ते मी हिशोबात धरत नाही. मूठ मिटणं बऱ्याचदा आपोआप होतं, तळहाताला काही लागलं की बोटं मिटतात (तान्ह्या बाळाचं बघितलंय ना, बोट दिलं की पकडतं), त्यात पुढे कडकपणा येतो तोही मिटायच्याच बाजूने येतो, आणि शिवाय मेंदूच्या खालच्या देठातून येणारे जुने रस्ते मूठ मिटवायला थोडीफार मदत करतात. बोटं उघडायला मात्र मेन लाइनच लागते, तिथे दुसरा रस्ता फारसा चालत नाही. म्हणून "पकडतात का" हे विचारायचंच नाही, "सोडतात का" हे विचारायचं. आणि कृपा करून तो स्माइलीवाला पिवळा बॉल दाबायला देऊ नका, ज्या हाताला मिटायचीच सवय लागतेय त्याला अजून मिटायला कशाला शिकवायचं, हे माझं मत आहे, आणि अनेक घरांत त्या बॉलवरून माझी भांडणं झालीयेत.

आता यावरच पुढचं काम न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला झालं. कॅथी स्टिनियर आणि त्यांच्या टीमने २०१२ मध्ये प्रेप नावाची पद्धत आणली आणि २०१७ मध्ये ती सुधारून प्रेप-टू केली, मी गेली काही वर्षं ती वापरते, जमेल तेवढी. तिसऱ्या दिवशी खांदा बाजूला उचलण्याला ५ पैकी मार्क, बोटं सरळ करण्याला ५ पैकी मार्क, बेरीज १० पैकी, याला सेफ स्कोर म्हणतात. मार्क असे की काहीच हालचाल नाही तर ०, नुसती स्नायूत थरथर तर १, आडवं धरून हलतं पण वर उचलत नाही तर २, स्वतःच्या वजनाविरुद्ध उचलतं तर ३, थोडा जोर लावला तरी टिकतं तर ४, नॉर्मल तर ५. बेरीज ५ किंवा जास्त आणि वय ८० च्या खाली असेल तर तीन महिन्यांत हात उत्तम होईल असा अंदाज. वय ८० किंवा वर असेल तर उत्तम म्हणायला ८ लागतात, नाहीतर "चांगला". बस, इथे मशीन लागतच नाही.

मशीन लागतं ते बेरीज ५ च्या खाली असेल तेव्हा. मग टीएमएस, डोक्यावर कॉइल धरून चुंबकाचा एक ठोका देतात आणि हाताच्या स्नायूत त्याचा सिग्नल पोचतो का ते बघतात. १९८५ मध्ये इंग्लंडमधल्या शेफिल्डला अँथनी बार्कर यांनी हे पहिल्यांदा करून दाखवलं होतं. पेशंटला टक् असा आवाज आणि टिचकी मारल्यासारखं वाटतं, एवढंच. सिग्नल आला म्हणजे पेशंटला स्वतःला हात हलवता येत नसला तरी लाइन चालू आहे, अंदाज "चांगला". मला यातलं हेच सगळ्यात भारी वाटतं, बाहेरून मेलेला दिसणारा हात आतून जिवंत आहे हे कळतं. सिग्नल आला नाही तर मग स्ट्रोक एकूण किती मोठा होता, म्हणजे एनआयएच स्कोर, तो ७ च्या खाली असेल तर "मर्यादित" आणि ७ किंवा वर असेल तर "कमी". गंमत म्हणजे जुन्या प्रेपमध्ये या शेवटच्या पायरीला एमआरआय लागायचा, ट्रॅक्टमधून पाणी कसं सरकतं ते मोजणारा खास स्कॅन, आणि नंतर लक्षात आलं की त्याऐवजी एनआयएच स्कोर धरला तरी चालतं, म्हणून प्रेप-टूमध्ये स्कॅन काढूनच टाकला. तेव्हा कोणी तुम्हाला फक्त हाताचा अंदाज काढायला म्हणून परत एमआरआय करायला सांगितला तर दोनदा विचारा.

हे सगळं करून १०० पैकी साधारण ७५ जणांचा अंदाज बरोबर येतो. म्हणजे २५ जणांचा चुकतो. हा आकडा मी घरच्यांना नेहमी सांगते, कारण मी स्वतः त्या चुकलेल्यांत तोंडघशी पडलेय. एका बाईंना दुसऱ्या दिवशी तपासलं, ताप होता, झोपेत होत्या, अर्धवट डोळे उघडून माझ्याकडे बघत होत्या, आणि मी शून्य अधिक शून्य लिहून त्यांच्या मुलाला सांगून बसले की हाताची फार आशा ठेवू नका. आठव्या दिवशी ताप उतरला आणि बाईंनी पदर सारखा केला. त्याच हाताने. मुलगा माझ्याकडे बघत होता आणि मी कुठे बघू ते मला कळेना. तेव्हापासून पेशंट नीट जागा नसेल, इन्फेक्शन असेल, सोडियम कमी असेल तर मी मार्कच देत नाही. आणि डाव्या मेंदूच्या स्ट्रोकमध्ये अजून एक घोळ होतो, पेशंटला बोलणं नीट कळत नसतं, आपण म्हणतो "बोटं उघडा" आणि ते नुसते बघत राहतात आणि आपण लिहितो शून्य. त्यांना स्वतःच्या हाताने करून दाखवायचं, आधी त्यांच्या चांगल्या हाताने करून घ्यायचं, मग दुसऱ्या.

आता रक्ताकडे येते, कारण ओळखीतले ते गृहस्थ अगदीच हवेत बोलत नसतील, वाचलं असेल कुठेतरी. संशोधन खूप चालू आहे. मेंदूच्या पेशी मेल्या की त्यांच्यातली प्रथिनं रक्तात गळतात, एस-१०० बी, जीफॅप, न्यूरोफिलामेंट लाइट अशी नावं आहेत, आणि ज्यांच्यात ती जास्त त्यांचा गट सरासरीने मागे राहतो हे खरं आहे. पण ती सांगतात की घर किती पडलं, जिना पडला की माळा पडला ते सांगत नाहीत, आणि आपलं सगळं घोडं जिन्यावर अडलंय. सीआरपी आणि आयएल-६ ही सूज दाखवणारी प्रथिनं तर सूज आहे म्हटल्यावर वाढणारच, न्यूमोनिया झाला, कॅथेटरमुळे युरिन इन्फेक्शन झालं तरी वाढतात. गटाची सरासरी आणि तुमचे बाबा यांच्यातला फरक हा असा आहे.

जीन्सचंही तसंच. बीडीएनएफ नावाच्या जीनच्या एका प्रकाराने रिकव्हरी हळू होते असं काही अभ्यास म्हणतात, काही म्हणतात फरक नाही. सीसीआर-५ ची गोष्ट मात्र मला आवडते. एचआयव्ही पेशीत शिरायला जे दार वापरतो तेच हे, उंदरांमध्ये स्ट्रोकनंतर हे दार बंद केलं तर हालचाल लवकर सुधारली, आणि ज्या माणसांमध्ये जन्मतःच या जीनचा एक तुकडा गाळलेला असतो त्यांची स्ट्रोकनंतरची प्रगतीही सरस दिसली, २०१९ मध्ये हे आलं. पण तो गाळलेला तुकडा मुख्यतः युरोपियन वंशाच्या लोकांत सापडतो, आपल्याकडे फार क्वचित, तेव्हा बाबांची ती टेस्ट करून हाती काही लागणार नाही. आणि त्यावरून कोणी एचआयव्हीचं औषध सुचवलं तर तिथून उठून या.

अजून एक गोष्ट नेटवर वाचाल, "७० टक्क्यांचा नियम". २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या लोकांनी मांडला. हाताच्या फ्यूगल-मेयर टेस्टला ६६ मार्क असतात, समजा सुरुवातीला २६ मिळाले, म्हणजे ४० गेले, तर त्या ४० चे ७० टक्के म्हणजे २८ परत येतात आणि तीन महिन्यांनी साधारण ५४ होतात. ऐकायला इतकं छान आहे की आम्ही सगळेच काही वर्षं त्याच्या प्रेमात होतो. पण एक तर ज्यांचा हात पूर्ण गेलाय त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना तो लागूच पडत नाही, म्हणजे जिथे खरी गरज तिथेच हात वर. आणि २०१९ मध्ये गणितवाल्यांनी दाखवून दिलं की सुरुवातीचा आकडा आणि सुधारणा हे एकमेकांतूनच काढलेले असल्यामुळे आणि वरती ६६ ची मर्यादा असल्यामुळे हे नातं आहे त्यापेक्षा खूप घट्ट दिसतं. म्हणून मी तो नियम आता कुणाला सांगत नाही.

बरं, अंदाज काढून करायचं काय? हा प्रश्न कोणी विचारत नाही आणि माझ्या मते हाच खरा आहे. ऑकलंडमध्ये थेरपिस्टना अंदाज हातात दिला तेव्हा पेशंट साधारण आठवडाभर लवकर घरी गेले आणि हाताचं काही नुकसान झालं नाही, कारण पहिल्या आठवड्यापासून कशावर वेळ घालवायचा ते ठरलेलं होतं. अंदाज उत्तम असेल तर मी दुसऱ्या हाताला मदतच करू देत नाही, चहाचा कप त्याच हाताने, आंघोळीचा तांब्या त्याच हाताने, सांडू दे. "चांगला" असेल तर ताकद आणि एकेक काम मोडून मोडून शिकवणं. "कमी" असेल तर तासभर न हलणाऱ्या बोटांशी झटापट करण्यापेक्षा खांदा निखळू नये, दुखू नये, हात कडक होऊन मुठीत नखं रुतू नयेत याकडे बघते आणि डाव्या हाताने जेवण, बटणं, सही हे लगेच सुरू करते. यात आशा सोडणं नाही, पण पेशंट सहा महिने उजव्या हाताची वाट बघत दुसऱ्याच्या हातून जेवतो ते मला बघवत नाही.

आणि सांगायचं कसं यावरही मी चुकलेय. एका घरात मी "कमी" म्हणाले आणि त्यांनी पुढच्या आठवड्यात फिजिओच बंद केलं, पाय चांगला येत होता तोही मागे पडला. पाय आणि हात यांचा हिशोब वेगळा असतो हे मी आधी सांगायला हवं होतं. चालण्यासाठी त्याच डच अभ्यासातून आलं की ७२ तासांत पेशंट आधाराशिवाय अर्धा मिनिट बसू शकला आणि पायात थोडी तरी ताकद असली तर सहा महिन्यांत स्वतः चालण्याची शक्यता तीही ९८ टक्के. दोन्ही नसेल तर २७. बोलण्याचा हिशोब तिसराच, तो सुरुवातीला किती गेलंय आणि डाग कुठे आहे यावर, आणि बोलणं हातापेक्षा जास्त काळ सुधारत राहतं.

वाईट अंदाज ऐकला की घरचे घाबरून कुठेही पळतात हेही बघितलंय. कबुतराचं रक्त चोळणारे आहेत, पाच-पाच लाखांची स्टेम सेल देणारे आहेत. स्टेम सेलचा आपल्याच देशात पाच केंद्रांत १२० पेशंटवर नीट अभ्यास झाला, २०१४ मध्ये छापला, सहा महिन्यांनी काही फरक दिसला नाही. सिटिकोलिन नावाचं औषध जवळजवळ प्रत्येकाच्या डिस्चार्ज कार्डवर असतं, युरोपात २२९८ पेशंटवर करून बघितलं, उपयोग दिसला नाही. ते लिहून दिलं असेल तर डॉक्टरांशी भांडू नका, पण त्याच्या जिवावर बसूही नका.

आता तुमच्या बाबांचं. आज नववा दिवस, म्हणजे प्रेप-टूची वेळ तशी निघून गेली, पण बघायला हरकत नाही. उद्या सकाळी, झोप झाल्यावर, फिजिओ यायच्या आधी, त्यांना उशा लावून टेकवून बसवा. उजवा हात उशीवर ठेवा, कोपर टेकलेलं, मनगटाला खालून तुमचा आधार. आधी डाव्या हाताने मूठ मिटून बोटं उघडायला लावा, मग उजव्या. एक बोट, एक पेर जरी सरळ झालं तरी ते धरायचं. मग खांदा, हात बाजूला उचलतात का. मोबाइलवर व्हिडिओ काढा, नुसतं आठवणीवर भरवसा ठेवू नका, चार दिवसांनी परत त्याच जागी त्याच वेळी काढा. बोटं थोडी जरी उघडली तर आकडे तुमच्या बाजूने आहेत आणि वयही बाजूने आहे, मग फिजिओला सांगा की रोजचा वेळ हातावर वाढवा.

काहीच हललं नाही तर एकदा न्यूरोलॉजिस्टना टीएमएसबद्दल विचारा. मुंबई-पुण्यात मशीन आहेत, पण बरीचशी डिप्रेशनच्या उपचारासाठी मानसोपचारवाल्यांकडे असतात आणि ही टेस्ट तिथे सगळेच करत नाहीत, तेव्हा फोन करून "एमईपी (ठोक्यानंतर हाताच्या स्नायूत पोचणारा तो सिग्नल) काढता का" असं विचारा, नुसतं "टीएमएस आहे का" विचारू नका. पेसमेकर असेल, डोक्यात धातूची क्लिप असेल किंवा फिट येऊन गेली असेल तर आधी सांगा. आणि त्यासाठी सांगली-मिरजेकडून चार तासांचा प्रवास करावा लागणार असेल तर मी म्हणेन जाऊ नका, कारण उत्तर काहीही आलं तरी पुढचे दोन आठवडे करायचं तेच आहे.

आणि हो, त्यांना उठवताना उजव्या काखेत हात घालून ओढत असाल तर आजपासून बंद करा, तो खांदा आत्ता नुसत्या कातडी-स्नायूवर लोंबकळतोय, एकदा निखळून दुखायला लागला की चांगला अंदाज असलेला हातसुद्धा ते कुणाला लावू देणार नाहीत. कमरेला धरा, साडीचा किंवा धोतराचा पट्टा बांधून धरलंत तरी चालेल.